‘दुसरे काहीतरी बघा’ असे म्हणण्यापूर्वी



उपवासकाळातील शुक्रवारी आपल्यापैकी अनेकांच्या घरी मासळी शिजते. आमच्या धर्मगुरुनिवासातही शिजते. एक मावशी गेली कित्येक वर्षे सकाळच्या मिस्सानंतर डोक्यावर टोपली घेऊन फाटकाशी येतात. पूर्वी त्यांच्या टोपलीत मरळ असे, वांब असे, पावसाळा सरताना झिंगे असत. यंदा एका शुक्रवारी त्यांनी टोपलीवरचे ओले पोते बाजूला केले, तर खाली बर्फ आणि बर्फात एकाच मापाचे मासे होते. आम्ही काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “फादर, हे काही आपल्या नदीतले नाही. आंध्राचा माल आहे. नदीत आता काय भेटते?”

आम्ही मासे घेतले, पैसे दिले. मावशी निघून गेल्या, पण त्यांचे बोलणे मनातून गेले नाही. कारण त्यांच्या घरातून मासेमारी सुटली त्यात आमचाही हात आहे.

चार वर्षांपूर्वी मावशींचे यजमान आमच्याकडे आले होते. पाऊस कमी झाला होता, नदीत पाणी नव्हते, मच्छीमार संस्थेच्या तलावात त्या वर्षी मासळी निघाली नव्हती. त्यांनी विचारले, “फादर, तुम्ही शिकलेले. काय करू सांगा.” आम्ही फारसा विचार न करता सांगितले, “काका, नदीवर आता पोट भरणार नाही. दुसरे काहीतरी बघा.” त्यांनी डोंगा विकला, जाळी विकली आणि कर्ज काढून जुना ऑटो घेतला. कर्जासाठी शब्दही आम्हीच टाकला. पुढे काकांची पाठ धरली. ऑटो मुलाकडे गेला. काका एका गोदामावर रात्रीची राखण करू लागले. दोन वर्षांनी पाऊस चांगला झाला, संस्थेने तलावात बोटुकली सोडली, मासळी निघाली. पण काकांजवळ जाळे नव्हते, आणि प्रत्यक्ष मासेमारी करत नसल्यामुळे क्रियाशील सभासदांच्या यादीतून त्यांचे नावही गेले होते. काकांनी आम्हांला कधी दोष दिला नाही. भेटले की आजही हात जोडतात. तेच आम्हांला अधिक टोचते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच ऑटोच्या मिळकतीतून त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरली गेली. ती मुलगी आज आनंदात आहे. टोपली डोक्यावर घ्यावी लागली नाही म्हणून ती देवाचे आभार मानते. मग आमचा सल्ला चूक होता की बरोबर? या प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस सोडले नाही. तो फक्त एका घराचा प्रश्न नाही, म्हणून आज या पानावर तो आपल्यापुढे ठेवत आहोत. संकटात असलेल्या माणसाला ‘दुसरा धंदा कर’ असे सांगणे केव्हा उपकार ठरते आणि केव्हा अन्याय?

प्रथम ही माणसे कोण ते पाहू. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या पश्चिमेकडून वर्धा नदी वाहते. हिंगणघाटला वणा आहे, पवनारला धाम आहे, सेलू तालुक्यात बोर आहे. या नद्यांच्या काठी ढिवर आणि भोई समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण त्यांना ‘मासे मारणारे’ एवढ्याच नावाने ओळखतो. पण हे लोक केवळ मासे मारून कधीच जगले नाहीत. पूल नव्हते तेव्हा तेच नावेतून माणसे आणि गुरे पैलतीरी नेत. पालखी आणि मेणा त्यांच्याच खांद्यावरून जाई. त्यांच्यातले काही फुटाणे-मुरमुरे भाजत. दिवाळीनंतर नदीचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या रेतीत ते डांगरवाडी लावत आणि उन्हाळ्यात आपल्याला टरबूज, डांगर, काकडी खाऊ घालत. तलावांच्या मुलखात शिंगाड्याचे पीक त्यांच्याच हातचे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे तर ढिवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. बाया बाजारात मासळी विकत, हंगामात कापूस वेचायला जात. म्हणजे एका घरात चार धंदे आणि प्रत्येकाचा ऋतू वेगळा. एकाने दगा दिला तर दुसरा हात देई.

आज सरकारी अहवालात ‘उपजीविकेचे विविधीकरण’ असा जड शब्द येतो. ढिवरांच्या आजीला तो शब्द ठाऊक नव्हता, पण ती गोष्ट तिला पुरती ठाऊक होती.

मग बदलले काय? पूल झाले आणि नाव काठाला लागली. ते होणारच होते, आणि पुलाचा फायदा सर्वांना झाला. मोटारी आल्या, मेणे गेले. माणसाने माणसाला खांद्यावर वाहून नेणे बंद झाले हे चांगलेच झाले. परंतु नदीतली रेती बांधकामासाठी उपसली गेली आणि डांगरवाडीची जागा खड्ड्यांनी घेतली. धरणे झाली, शेतीला पाणी मिळाले. पण धरणाखालच्या पात्रात कधी थेंब नाही तर कधी अचानक लोंढा, अशी स्थिती झाली. पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत आली. जलाशयात आणि तलावात मासे धरायचे तर ठेका लागतो, बोटुकली विकत आणून सोडावी लागते; म्हणजे आधी भांडवल, मग मासा. अशा रीतीने ज्या चार आधारांवर घर उभे होते ते एकेक करून निघाले, आणि शेवटी ‘तुम्ही एकाच धंद्यावर अवलंबून का राहता?’ असा प्रश्न आपण त्यांनाच विचारू लागलो. या प्रश्नातला अन्याय आमच्या लक्षात फार उशिरा आला.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा ॲरिस्टॉटलचा ‘राज्यशास्त्र’ हा ग्रंथ अभ्यासाला होता. त्यातला एक छोटा भाग तेव्हा परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. आता तो पुन्हा काढून पाहिला. माणसे कशाकशावर जगतात याची यादी ॲरिस्टॉटल पहिल्याच भागात देतो: गुरे राखणारे, शेती करणारे, शिकार करणारे, आणि नदी, तळी, दलदल किंवा समुद्र यांच्या काठी मासे धरणारे. पुढे तो म्हणतो की काही लोक यांतले दोन मार्ग एकत्र करतात आणि एकातली उणीव दुसऱ्याने भरून काढून सुखाने जगतात. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. गंमत अशी की उदाहरण देताना तो शेतीबरोबर शिकार करणाऱ्यांप्रमाणेच गुरे राखण्याबरोबर लुटारूपणा करणाऱ्यांचेही नाव घेतो! तेव्हा दोन धंदे जोडले म्हणजे पुण्य पदरी पडले असे नाही. कोणते धंदे जोडले आणि त्यात कोणाचे काय गेले, हे पाहावेच लागते. दिवसा मासे आणि रात्री चोरून रेती, हीही एक जोडणीच आहे. आणि पोटासाठी ती करणारे तरुण आपल्या अवतीभवती आहेत. नदीच्या मुलाला नदीच उपसायला लावणारी ही जोडणी कोणत्या नाइलाजातून येते हे समजून घेतले पाहिजे, परंतु तिला ‘प्रगती’ म्हणता येणार नाही.

कार्ल मार्क्सनेही तरुणपणी एक स्वप्न रंगवले होते. जिथे माणूस एकाच कामाला जखडलेला नसेल, सकाळी शिकार करील, दुपारी मासे धरील, संध्याकाळी गुरे पाहील आणि जेवणानंतर टीकाटिप्पणी करील, असा समाज त्याला हवा होता. मावशींचा मुलगा सकाळी ऑटो चालवतो, दुपारी सोयाबीनच्या सोंगणीला जातो आणि रात्री बापाच्या जागी गोदामावर बसतो. तोही एका कामाला जखडलेला नाही. पण मार्क्सच्या स्वप्नातला माणूस मन म्हणेल तसे काम बदलतो. हा मुलगा कर्जाचा हप्ता म्हणेल तसे बदलतो. बाहेरून दोघे सारखे दिसतात, आत मात्र एक मोकळा आहे आणि दुसरा फरपटत आहे. म्हणून धंदे किती आहेत हे मोजून भागत नाही. ते कोणी ठरवले, हे विचारावे लागते.

या प्रश्नावर फार मोठा वाद आपल्याच अंगणात झाला आहे, याचे आपल्याला विस्मरण होते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील भाषण पुस्तकरूपाने निघाले. लाहोरला ते द्यायचे होते, पण परिषदच रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. माणसाला आपला धंदा बदलू न देणारी ही व्यवस्था बेकारीचे एक थेट कारण आहे, असेही त्यांनी बजावले. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’ पत्रातून उत्तर दिले. वाडवडिलांच्या कामावर आपली भाकर मिळवावी, आणि सर्व कामे सारख्याच मोलाची मानावीत, असा त्यांचा त्या वेळचा आग्रह होता.

आम्हांला वाटते, ढिवराच्या पोराच्या बाजूने पाहिले तर या वादात बाबासाहेबांचे म्हणणे आधी मान्य करावे लागते. बाप मासे मारत होता म्हणून पोराने मासेच मारावेत, हा नियम कोणत्याही गोड शब्दांत सांगितला तरी बेडीच आहे. मावशींच्या लेकीने नर्स होणे हा नदीचा विश्वासघात नाही. परंतु गांधीजींच्या म्हणण्यातला एक अंश तरीही उरतो. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते, आणि मासे मारणारा माणूस हा ‘अजून सुधारायचा राहिलेला’ माणूस नसतो. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले त्याचा गाभाही हाच आहे. कामाची किंमत ते काम कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही. ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. आम्ही काकांना ‘दुसरे काहीतरी बघा’ म्हणालो तेव्हा आमच्या मनात कुठेतरी ‘मासे मारणे म्हणजे मागासपणा’ हे बसलेले होते. ते आज कबूल करतो.

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या आसपास बाजो नावाचे लोक राहतात. पूर्वी त्यांची घरेच होड्यांत असत. आता पुष्कळ जण उथळ पाण्यात खांब रोवून त्यावर घरे बांधतात. एका श्वासात खोल बुडी मारून मासे आणि समुद्रकाकडी काढण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांची प्लीहा शेजारच्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असते, असे शास्त्रज्ञांना २०१८ साली आढळले. पिढ्यान्‌पिढ्यांचे काम शरीरात कसे उतरते ते पाहा. त्या समुद्रातले मासे कमी होऊ लागले तेव्हा या लोकांना दोरीवर समुद्रशेवाळ लावायला शिकवण्यात आले. शेवाळाचे पैसे येऊ लागले की ते मासेमारी सोडतील आणि समुद्राला विसावा मिळेल, असा हिशेब होता. पुष्कळ घरांनी शेवाळ लावले, पण मासेमारी सोडली नाही. शेवाळाला रोग पडतो, त्याचा भाव कोसळतो. त्या दिवशी पोटाला समुद्रच लागतो, हे त्यांना कळत होते. योजना करणाऱ्यांना एकाच्या जागी दुसरे हवे होते. बाजोंनी एकाच्या जोडीला दुसरे घेतले. काका-मावशींना आम्ही जो सल्ला दिला त्यातली चूक इथे उघडी पडते. ऑटो घ्या म्हणणे चूक नव्हते. डोंगा विका म्हणणे चूक होते.

आणि डोंगा विकला की नुसते लाकूड जात नाही. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात मरळ असते, अंडी घालायला मासा कोणत्या गवताच्या आधाराला येतो, पाण्याचा रंग पालटला तर पूर येणार की ओसरणार, हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते काकांच्या हातात होते आणि आता गोदामाच्या खुर्चीवर बसून आहे. हे ज्ञान निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या परिसरात जुन्या मालगुजारी काळातले तलाव बेशरमीच्या झुडपांनी भरून गेले होते आणि देशी मासे दिसेनासे झाले होते. तिथल्या ढिवर बाया-माणसांनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या साथीने बेशरम उपटली आणि कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत वाढतो हे आठवून त्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे परत येऊ लागले. हे काम सुरू झाले तेव्हा जर त्या सगळ्यांनी जाळी विकून शहर गाठलेले असते, तर त्या तलावांना कोणी वैद्य उरला नसता.

आपल्या मगनवाडीत राहून गेलेल्या जे. सी. कुमारप्पा यांचे स्मरण इथे होते. ते ख्रिस्ती होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वर्ध्यात वाहिली. मगन संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. कुमारप्पांच्या विचारात एक मोठा भेद आहे. खाणीतल्या कोळशासारखा जो साठा एकदाच मिळतो त्याच्यासाठी माणसे भांडतात. वाहत्या पाण्यासारखे, जंगलासारखे जे पुन्हा पुन्हा भरून येते त्याच्या आधाराने टिकाऊ जीवन उभारता येते. नदीतला मासा हा असा भरून येणारा ठेवा आहे, पण त्याला वीण घालायला उसंत दिली तरच. नदीतल्या माशाला आपण सर्वांनी मिळून खाणीचा कोळसा करून टाकले आहे.

‘आपण सर्वांनी’ म्हणताना मच्छीमारांनाही वगळता येत नाही. बारीक डोळ्याच्या जाळ्याने पिल्लेही ओढणारे, पाण्यात विष टाकणारे, विजेचा झटका देणारे लोक त्यांच्यातही आहेत. आणि नदी जितक्या जाळ्यांना पोसू शकते त्याहून जास्त जाळी तिच्यात पडली तर काहींना बाजूला व्हावेच लागेल, हेही खरे आहे. प्रश्न एवढाच की बाजूला कोणी व्हायचे आणि त्याची किंमत कोणी द्यायची. नागपूरच्या उत्तरेला तोतलाडोह जलाशयाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश शासनाने मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते. त्याने वन्यजीवांना धोका होईल अशी तक्रार होती. न्यायालयाने १९९७ साली ओळखपत्रासारख्या कडक अटी घातल्या, पण परवाने रद्द केले नाहीत. जंगल राखलेच पाहिजे. मात्र ज्यांचे घर त्यासाठी उठले त्यांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा न्याय असाच अवघड असतो.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारखी वागणूक मच्छीमाराला मिळावी हा त्याचा हेतू आहे. निर्णय चांगला आहे. पण आम्हांला काकांची आठवण येते. ज्याचे नाव यादीतून गेले, ज्याने जाळे विकले, त्याच्या दारापर्यंत अशी सवलत पोचणे कठीण. एकदा बाहेर पडलेल्या माणसाला आत येण्याचे दार फार अरुंद असते.

या सगळ्या विचारातून आम्हांला तीन प्रश्न सापडले. कोणालाही ‘दुसरा धंदा कर’ असे सांगण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत. पहिला: हे कोण ठरवत आहे? तो माणूस, की त्याचा नाइलाज, की आपला उतावळेपणा? दुसरा: नवे काम फसले तर त्याला परत यायला वाट राहते का? आणि तिसरा: फसल्यास नुकसान कोणाचे होणार? सल्ला देणाऱ्याचे काहीच जात नसेल, तर त्याने निदान सावकाश बोलावे. आमचे काही गेले नाही. काकांचा डोंगा गेला.

शुभवर्तमानात मच्छीमारांची कमतरता नाही. प्रभूने हाक मारताच पेत्राने जाळी सोडली, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यावर प्रवचनेही देतो. पण संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायाकडे आपले लक्ष कमी जाते. सगळे घडून गेल्यावर, मन सैरभैर असताना, पेत्र सोबत्यांना सांगतो की आपण मासे धरायला जातो. आणि तेही त्याच्याबरोबर होडीत चढतात. रात्रभर काही मिळत नाही. पहाटे काठावर प्रभू उभा असतो. ‘जाळी सोडून आला होतास ना, मग पुन्हा इथे कसा?’ असे तो पेत्राला विचारत नाही. तो जाळे कुठे टाकायचे ते सांगतो, निखारे पेटवून ठेवतो, भाकर आणि मासळी भाजतो आणि न्याहारीला बोलावतो. पेत्राला पुढे मोठे काम मिळाले ते त्याच काठावर, त्या न्याहारीनंतर.

आम्ही यावर विचार करत होतो तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. पेत्राला त्या रात्री परत जाता आले, कारण होडी होती. तळे होते. जाळे कोणीतरी सांभाळून ठेवले होते. बोलावणे कितीही मोठे असले तरी मागची होडी जाळून टाकण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती. संत पौलही सुवार्ता सांगत फिरला, पण करिंथ शहरात तंबू शिवण्याचे आपले काम करतच राहिला. नवे स्वीकारताना जुने मोडावेच लागते असे नाही.

आता थोडे आपल्या करण्यासारखे. उपवासकाळातील त्यागाची रक्कम यंदा कशी वापरावी यावर धर्मग्राम समितीत चर्चा चालू आहे. मासळी विकणाऱ्या बायांना शिलाई यंत्रे द्यावीत अशी सूचना आली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे. आमची विनंती एवढीच, की यंत्रे घेण्याआधी त्या बायांना बोलवावे आणि त्यांना काय हवे ते विचारावे. कदाचित त्यांना शिलाई यंत्र हवे असेल. कदाचित मासळी ठेवायला बर्फाची पेटी हवी असेल, किंवा बोटुकलीसाठी संस्थेला थोडी मदत. कदाचित त्या म्हणतील, ‘आमचे राहू द्या, पोरींच्या फीचे बघा.’ त्या म्हणतील ते खरे मानावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी नदीची मासळी मिळेल तेव्हा तीच घ्यावी, भावात घासाघीस करू नये, आणि पावसाच्या सुरुवातीला पोटात अंडी असलेला मासा मागू नये.

गेल्या आठवड्यात आम्ही काकांकडे गेलो. ‘काका, चुकीचा सल्ला दिला होता,’ असे सांगितले. ते हसले. म्हणाले, “फादर, पोरगी शिकली ना. तेवढे तुमच्यामुळेच झाले.” मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “पण एक जाळे ठेवायला पाहिजे होते.”

आम्ही काही बोललो नाही. मात्र संस्थेच्या यादीत पुन्हा नाव लागण्यासाठी काय करावे लागते याची चौकशी आता चालू केली आहे. आपल्यापैकी कोणाला त्या कामाची माहिती असेल तर मिस्सानंतर जरूर भेटावे.

देव आपणा सर्वांना सुबुद्धी देवो.

आपले,
धर्मगुरू